टेकून बसा आणि पायडल मारा!

तळ्यावरची पायडलची बोट तुम्ही कधी ना कधी चालवली असेलच. सहलीला गेलं, मुलांनी हट्ट धरला, की शेजारी शेजारी बसायचं, पाठ मागं टेकवायची, पाय पुढं करायचे आणि गोल गोल पायडल मारायचं. मनगटांवर भार नाही, मान अवघडत नाही, बसायला चांगली रुंद बैठक. दमले तर पाय दमतात, बाकी सगळं अंग आरामात असतं.

आता अशी कल्पना करा, की ही बोट कुणी पाण्यातून उचलून रस्त्यावर ठेवली आणि तिला खालून चाकं लावली. थट्टा नाही करत! अशी सायकल खरोखरच आहे आणि ती काही कालपरवाची नाही, नव्वद वर्षांहून जुनी आहे. इंग्रजीत तिला रिकम्बंट म्हणतात. हॉलंडमध्ये तिचं नाव ‘लिगफिट्स’, म्हणजे शब्दशः ‘आडवं होऊन चालवायची सायकल’. आपण तिला आपली आरामखुर्ची-सायकल म्हणू या, कारण ओटीवरच्या आरामखुर्चीत आजोबा बसत, साधारण तशीच तिची बैठक असते.

तुम्ही म्हणाल, “आम्हांला काय करायचंय त्याचं? घरची कामं उरकता उरकत नाहीत!” पण थोडं थांबा. आपल्यापैकी कितीतरी जणी लग्नाआधी शाळा-कॉलेजला सायकलनं जात होत्या. पुण्याला तर एके काळी सायकलींचं शहरच म्हणत. पुढं लग्न झालं, मुलं झाली आणि सायकल जिन्याखाली जी गेली ती गेली. मुलं मोठी झाल्यावर कधी वाटतं, भाजीला, बँकेत, भिशीला आपली आपण सायकलनं जावं. मग एखाद्या सकाळी धाकट्याची सायकल काढावी, तर दहाच मिनिटांत कंबर कुरकुरते, मनगटं भरून येतात आणि टीचभर सीटवर बसवत नाही. झालं! “आता का आपलं वय राहिलंय?” असं म्हणून सायकल परत जिन्याखाली.

मैत्रिणींनो, सांगायचं आहे ते एवढंच, की दर वेळी हा दोष वयाचा नसतो. पुष्कळदा तो बैठकीचा असतो. आणि बैठक बदलता येते.

आईच्या काळजीतून निघालेली गाडी

या सायकलीची जन्मकथा मोठी घरगुती आहे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचे एक गृहस्थ होते. लहान लहान मोटारी बनवण्याचा त्यांचा उद्योग. त्यांच्या जॉर्ज नावाच्या मुलाला सायकल हवी होती. पण दोन चाकांवरून पोर पडेल, लागेल, म्हणून त्याची आई काही तयार होईना, असं सांगतात. कुठल्याही आईसारखीच! मग मोशे यांनी तोडगा काढला. चार चाकांची, बसून पायडल मारायची छोटीशी गाडी मुलाला करून दिली. पोरगा तिच्यात बसून इतर मुलांच्या सायकलींना मागं टाकू लागला. ते पाहून मोठ्या माणसांसाठीही तशी गाडी करावी, असं मोशे यांच्या मनात आलं. दोघांनी शेजारी शेजारी बसून पायडल मारायची अशी ती गाडी निघाली. नाव ‘वेलोकार’. ते दिवस जागतिक मंदीचे. मोटार ज्यांना परवडत नव्हती, अशा कुटुंबांना ही गाडी आवडली.

चार चाकांची गाडी वळणावर वेगानं नेली, की कलंडायची भीती. म्हणून मोशे यांनी काय केलं, तर जणू ती गाडी उभी अर्धी कापली! एक माणूस, दोन चाकं, पाठीला टेकण आणि पायडल समोर. झाली आरामखुर्ची-सायकल.

मग ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये एक मजेदार गोष्ट घडली. सायकलशर्यतीत एक तासात जास्तीत जास्त अंतर तोडण्याचा एक विक्रम असतो. ऑस्कर एग या नामांकित सायकलपटूनं १९१४ साली तासाला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम केला होता आणि एकोणीस वर्षं तो कुणाला मोडता आला नव्हता. त्या दिवशी फ्रान्सिस फोर नावाचा, पहिल्या फळीत न गणला जाणारा सायकलपटू मोशे यांच्या सायकलवर टेकून बसला आणि तासाभरात ४५.०५५ किलोमीटर गेला!

आता कौतुक व्हायला हवं होतं की नाही? झालं उलटंच. मोठमोठे खेळाडू, मोठमोठे कारखानदार यांच्यात खळबळ माजली. ही सायकलच नव्हे, असं म्हणणारे पुढं आले. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं १९३४ साली सायकलची व्याख्याच अशी ठरवली, की टेकून बसायची सायकल तिच्यात बसू नये. त्याच वर्षी मोशेही वारले. त्यांच्या मुलानं, म्हणजे ज्याच्यासाठी पहिली गाडी झाली त्या जॉर्जनं, काम पुढं चालू ठेवलं. सायकलीला वाऱ्याला तोंड देणारं कवच बसवलं आणि १९३९ साली त्याच फोरनं तासात ५० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. तरी नियम काही बदलला नाही. त्या संघटनेच्या शर्यतींत ही सायकल आजही चालत नाही.

या निकालाचा परिणाम दूरवर झाला. शर्यतीत जी सायकल नाही ती दुकानातही नाही, असं झालं. चाळीसेक वर्षं ही सायकल जवळजवळ विस्मरणातच गेली. १९७०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांच्यासारख्या मंडळींनी तिच्यात पुन्हा लक्ष घातलं. माणसाच्या बळावर चालणाऱ्या हरतऱ्हेच्या वाहनांसाठी १९७६ साली तिथं वेगळी संघटनाही निघाली. आज हॉलंड, जर्मनी, अमेरिका इथं या सायकली रोजच्या वापरात दिसतात.

बायकांनीही यात मागं राहू नये, म्हणून एक नाव सांगते. बार्बरा ब्यूआत्वा ही फ्रेंच बाई. २०१० साली अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, कवच बसवलेल्या अशा सायकलवरून ती तासाला १२१.८१ किलोमीटर या वेगानं गेली. इंजीन नाही, बॅटरी नाही, नुसते स्वतःचे दोन पाय! आपली यष्टी-गाडीसुद्धा मागं पडेल.

एवढा वेग येतो कुठून?

यात जादू काही नाही. सपाट रस्त्यावर तासाला पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढं गेलं, की सायकलवाल्याची बरीचशी शक्ती वारा कापण्यात जाते. ताठ बसलेलं माणूस म्हणजे वाऱ्यापुढं उभं केलेलं दारच. तेच माणूस मागं टेकून, पाय पुढं करून बसलं, की वाऱ्याला अडायला जागाच कमी उरते. पावसात छत्री वाऱ्याच्या दिशेनं तिरकी धरली की ती उलटी होत नाही, हे आपण जाणतोच. तसंच काहीसं समजा.

पण आपल्याला कुठं शर्यत लावायची आहे? आपल्याला हवा आहे तो आराम. साध्या सायकलवर शरीराचा भार तीन ठिकाणी पडतो: टीचभर सीट, दोन मनगटं आणि पाय. आरामखुर्ची-सायकलवर तोच भार सगळ्या पाठीवर आणि बैठकीवर पसरतो. हात हँडलवर नुसते ठेवलेले असतात. मान सरळ राहते, समोरचं झाड, डोंगर, आभाळ सगळं दिसतं. ज्यांना नेहमीच्या सीटचा जाच होतो (आणि हा त्रास बायका कुणाला बोलूनही दाखवत नाहीत) त्यांना हा फरक पहिल्या पाच मिनिटांतच कळतो.

दोन चाकी की तीन चाकी?

या सायकलींत दोन मुख्य जाती आहेत. दोन चाकी सायकल हलकी आणि वेगवान. पण तोल सांभाळायला नव्यानं शिकावं लागतं. तीन चाकी सायकलीत तोलाचा प्रश्नच नाही. थांबलात तरी पाय खाली टेकवावा लागत नाही, चढावर अगदी गोगलगाईच्या चालीनं गेलात तरी पडत नाही. गुडघ्याचं, कानातल्या तोलाचं दुखणं असलेली माणसं म्हणूनच तीन चाकी पसंत करतात.

तीन चाकीतही दोन प्रकार. काहींना पुढं दोन चाकं आणि मागं एक, काहींना पुढं एक आणि मागं दोन. पुढं दोन चाकांची गाडी वळणावर जास्त स्थिर. पण बैठक फार खाली, जवळजवळ पाटावर बसल्यासारखी. मागं दोन चाकं असलेल्या गाडीची बैठक बहुधा उंच, त्यामुळं बसायला-उठायला सोपी, आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये पिशवी-टोपली छान मावते. मात्र वळण वेगानं घ्यायचं नाही, नाहीतर आतलं चाक उचलतं. गुडघे दुखत असतील तर बैठकीची उंची आधी बघा. बसताना बसलो आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागला, असं नको!

शिकायची कशी?

साधी सायकल येते म्हणून हीही येईल, असं धरून चालू नका. शरीराला सगळं नवं असतं. पहिले चार दिवस मोकळं मैदान किंवा सोसायटीचं रिकामं आवार गाठा.

दोन चाकी असेल, तर गिअर हलका ठेवा. पाठ पूर्ण टेकवा. ब्रेक दाबून धरा. एक पाय जमिनीवर, दुसऱ्या पायाचं पायडल वरच्या बाजूला. मग ब्रेक सोडून त्या पायानं एकच सणसणीत दाब द्या आणि जमिनीवरचा पाय लगेच पायडलवर घ्या. नजर चाकाकडं नको, वीस-पंचवीस पावलं पुढं हवी. आणि हँडल पोळपाटासारखं घट्ट धरू नका. खांदे आवळले, हात आवळले, की सायकल सापासारखी वळवळते. हलक्या हातानं धरली, की आपोआप सरळ जाते.

तीन चाकीला हे काहीच करावं लागत नाही. पण एक गोष्ट अगदी पदराला गाठ मारून ठेवा. चालत्या गाडीवरून पाय कधीही जमिनीला टेकवू नका. गाडी पुढं जात असते, पाय जमिनीला अडकतो आणि मागं गाडीखाली ओढला जातो. फार वाईट मोडतो. म्हणून पायडलवर पाय घट्ट राहील असा पट्टा किंवा टाचेला आधार देणारं पायडल बसवून घ्यायचंच. यात काटकसर नको.

चढावर काय करायचं? साध्या सायकलवर आपण उभं राहून अंगाचा भार देतो. इथं उभं राहता येत नाही. म्हणून गिअर आधीच हलका करायचा आणि पाय भराभर फिरवायचे. इथंच एक धोका आहे. पाठीला भक्कम टेकण असल्यामुळं पायानं वाटेल तेवढा जोर देता येतो, अंगाच्या वजनापेक्षाही जास्त. जड गिअरवर असा जोर दिलात, तर गुडघे बरे व्हायचे बाजूलाच, आणखी दुखतील. हलका गिअर, भराभर पाय, हाच नियम. गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

शिंप्याची टेप घ्या, माप काढा

ब्लाऊज जसा दुसरीच्या मापाचा चालत नाही, तशीच ही सायकल. माप घरीच घेता येतं. भिंतीला पाठ आणि कंबर नीट टेकवून जमिनीवर बसा. पाय सरळ पुढं पसरा, पायांत नेहमीचे बूट घाला. भिंतीपासून तळव्यापर्यंत टेपनं अंतर मोजा. हे तुमचं माप. सायकल निवडताना किंवा बसवून घेताना ते उपयोगी पडतं.

पायडल ज्या नळीच्या टोकाला असतं ती नळी बहुतेक सायकलींत पुढं-मागं सरकते. पाय पूर्ण लांब गेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. अगदी ताठ झाला तर गुडघ्यामागं ओढ बसते. फार वाकलेला राहिला तर गुडघ्याच्या वाटीपुढं दुखतं. नळी एक सेंटीमीटर सरकवली, की साखळी साधारण दोन सेंटीमीटर कमी-जास्त लागते, कारण साखळी जाते आणि परत येते. थोडा फरक मागचा गिअर सांभाळून घेतो. जास्त असेल तर साखळीच्या कड्या वाढवाव्या किंवा काढाव्या लागतात.

नळी घट्ट बसवली, की जोडावर नखपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. अर्धी एका भागावर, अर्धी दुसऱ्यावर. पुढं कधी रेघ तुटलेली दिसली, की समजावं नळी सरकली आहे, पाना घ्यायला हवा.

आपापल्या सोयीप्रमाणं पुष्कळ सुधारणा करता येतात. पाठ फार मागं कलली म्हणून मानेला ताण येत असेल, तर टेकण थोडं उभं करा किंवा मानेला उशी बसवा. पाय उंच राहिल्यानं बोटांना मुंग्या येत असतील, तर जाड तळव्याचे बूट घाला आणि पट्टा सैल करा. सामानाच्या पिशव्या बैठकीच्या मागं, दोन बाजूंना, खाली लावा. वर लटकवल्या तर तोल जातो. बैठकीच्या मागं पाण्याची बाटली. आणि चढाचं गाव असेल, तर हल्ली बॅटरीची मोटारही बसवतात. मात्र ती गाडीच्या ब्रेकांना झेपेल एवढीच हवी.

निगा: शिवणयंत्राइतकीच

ही सायकल सांभाळणं अवघड नाही. पण दोन-चार गोष्टी वेगळ्या आहेत.

साखळी: पायडल पार पुढं आणि ओढायचं चाक बहुधा मागं. त्यामुळं साखळी साध्या सायकलीच्या अडीच ते तीन पट लांब! ती बैठकीखालून जाते, वाटेत तिला वळवायला एक दातेरी चकली असते आणि कपडे खराब होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या नळ्या असतात. घाबरू नका. झीज एवढ्या साऱ्या कड्यांत वाटली जाते, म्हणून ही साखळी टिकतेही जास्त.

साफ करताना एकेक हात साखळी घ्या. जुन्या सुती फडक्यानं पुसा, जुन्या दातघासणीनं खाचा साफ करा, मग प्रत्येक कडीच्या रुळावर तेलाचा एकेक थेंब. दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर नको. बाहेर राहिलं की धूळ धरतं आणि त्याचं काळं राड होतं. तेल सायकलच्या साखळीसाठी मिळतं तेच वापरा. खोबरेल थंडीत गोठतं आणि शिवणयंत्राचं तेल फार पातळ, ते लगेच उडून जातं.

साखळी कधी बदलायची? मुलांची फूटपट्टी घ्या. साखळीच्या एका खिळीच्या मध्यापासून मोजायला लागा आणि चोविसावी खिळी बघा. नव्या साखळीत ती बरोबर १२ इंचांवर येते. ती एक षोडशांश इंचानं पुढं गेली असेल तर साखळी बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेली, तर साखळीनं दात्यांच्या चक्रीही खाल्ल्या असं समजा आणि खर्च दुप्पट धरा. ही युक्ती तुमच्या घरातल्या कुठल्याही सायकलीला लागू पडते, हं!

बैठक: जाळीची बैठक असेल तर तिचे पट्टे काही महिन्यांनी सैल पडतात. नवारीचा पलंग ओढून घट्ट करतो, तसे ते ओढून घ्या. जाळी काढून साबणाच्या पाण्यात धुता येते. कडक बैठक असेल, तर वरची गादी पावसात भिजू देऊ नका, कुबट वास येतो.

चाकं: पुढचं चाक बहुधा लहान, २० इंची. लहान मुलांच्या सायकलीचा टायर पुष्कळदा बसतो. पण २० इंचातही दोन मापं आहेत. टायरच्या बाजूला बारीक आकड्यांत ४०६ किंवा ४५१ लिहिलेलं असतं, ते जुळवूनच घ्या. तीन चाकीत पुढची दोन चाकं समांतर आहेत ना, हे टेपनं मोजा. दोन्ही टायरांतलं पुढच्या बाजूचं अंतर मागच्या बाजूइतकंच किंवा दोन-तीन मिलिमीटर कमी असावं. जास्त फरक असेल तर गाडी जड चालते आणि टायर महिन्या-दोन महिन्यांत झिजतात.

ब्रेक: ब्रेकच्या तारा लांब असतात, पावसाळ्यात आतून गंजतात. ओढताना कुरकुर वाटली की बदला, वाट बघू नका. तीन चाकीत पुढच्या दोन्ही चाकांना वेगळा ब्रेक असेल, तर दोन्ही सारखे धरतात ना, ते रिकाम्या रस्त्यावर पाहा. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एक ब्रेक ढिला आहे. उतारावर गाडी उभी करताना ब्रेकच्या दांडीला जाड रबरबँड गुंडाळला की झाला हातब्रेक.

दुसरी बाजूही ऐका

कौतुकच ऐकून भुलून जायला नको. आपल्या रस्त्यांवर या सायकलीचा सगळ्यांत मोठा दोष म्हणजे ती खाली असते. ट्रकवाल्याला, बसवाल्याला ती दिसतच नाही. म्हणून मागं उंच काठीवर भगव्या नाहीतर नारिंगी रंगाचा झेंडा हवा, माणसाच्या उंचीइतका. दोन्ही बाजूंना आरसे, पुढं-मागं दिवे, दिवसासुद्धा लावलेले. डोक्यावर हेल्मेट. एवढं करूनही भर बाजारातल्या गर्दीत ती नेऊ नये. सकाळचा मोकळा रस्ता, वसाहतीतली गल्ली, गावाबाहेरचा शांत रस्ता हीच तिची जागा.

दुसरं म्हणजे खड्डे. साध्या सायकलवर खड्डा आला की आपण सीटवरून अलगद उचलतो. इथं उठता येत नाही, सगळा धक्का पाठीला बसतो. ज्यांच्या मणक्यात दोष आहे त्यांनी जाड टायर आणि स्प्रिंग असलेलीच गाडी बघावी.

तिसरं, कपडे. पदर किंवा ओढणी चाकाच्या आणि साखळीच्या अगदी जवळ येते. पाचवारी नेसून या सायकलवर बसायचा विचारही नको. सलवारीची मोहरी पट्ट्यानं बांधा, ओढणी घरी ठेवा. नऊवारीचा काष्टा असता तर निम्मा प्रश्न मिटला असता. पण पदर तरीही कंबरेला खोचावा लागलाच असता!

आणि चौथं, ती मिळणार कुठं? कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात ती मिळत नाही. हौशी मंडळी बाहेरून मागवतात किंवा वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतात आणि साध्या सायकलीपेक्षा खर्च कितीतरी पट येतो. तिन्ही चाकांची गाडी ठेवायला जागाही लागते. जिन्याखाली मावत नाही. म्हणून आधी चालवून पाहिल्याशिवाय पैसे गुंतवू नका. हल्ली पुष्कळ जणींचे लेक-सुना, लेकी-जावई परदेशी असतात. हॉलंडला, जर्मनीला जाणं झालं, तर अर्धा दिवस अशी सायकल भाड्यानं मिळते का, ते मुलांना आधी विचारून ठेवा. ते नसेल जमत, तर मोठ्या व्यायामशाळेत आणि फिजिओथेरपीच्या दवाखान्यात टेकून बसायची जागच्या जागी सायकल पुष्कळदा असते. तिच्यावर पंधरा मिनिटं बसलात, की ही बैठक आपल्या अंगाला मानवते का, एवढं तरी नक्की कळतं.

आहे त्या सायकलीचं काय?

आरामखुर्ची-सायकल घ्या न घ्या; पण तिच्याकडून शिकण्यासारखं एक आहे: माणसानं सायकलला जुळवून घ्यायचं नाही, सायकल माणसाला जुळवून घ्यायची. घरातल्या साध्या सायकलीचं हँडल दोन-तीन इंच उंच करून घ्या, म्हणजे मनगटावरचा भार कमी होतो. जास्त वर ओढू नका. नळीवर खूण असते, तिच्यापुढं हँडल काढलं तर ते तुटायची भीती. ताठ बसायचं असेल तर सीट रुंद आणि स्प्रिंगची घ्या. सीटची उंची अशी ठेवा, की टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर पाय जवळजवळ सरळ होईल. पाय जमिनीला पुरेनासे वाटले, तर आधी थोडी खाली ठेवा आणि सवय होईल तशी वाढवा. मागच्या चाकाला साडी-गार्ड आणि साखळीला पूर्ण कव्हर. एवढं करायला सायकलवाल्याला अर्धा तास पुरतो.

आपल्याकडं आराम म्हटलं की आळस आठवतो. बाईनं तर टेकून बसायचंच नाही. ओट्याशी उभं राहायचं, विळीवर वाकायचं, दुखलं खुपलं तर सांगायचं नाही. १९३४ सालच्या त्या सायकल-पंचांनाही अशीच काहीशी अडचण वाटली असावी: टेकून बसलेला माणूस वाकून घाम गाळणाऱ्यांच्या पुढं कसा जातो? पण तो गेला, आणि तेवढ्याच पायांनी गेला.

तेव्हा पाठ दुखते म्हणून सायकल सोडली असेल, तर या रविवारी ती जिन्याखालून बाहेर काढा. फूटपट्टी, टेप आणि नखपॉलिशची बाटली घेऊन तिच्याशेजारी बसा. सीट बघा, हँडल बघा, साखळी मोजा. घरचे हसले तर हसू देत. आठवड्यानं भाजी घेऊन तुम्ही त्यांच्याआधी घरी पोचाल.